दाराची पाळी

कात्रप, बदलापूर (पूर्व)
रविवार, ४ फेब्रुवारी १९९६

प्रिय जिजा,

तुझं पाकीट परवा दुपारी आलं. पोस्टमनने दारात येऊन "अंजनी कोण?" असं विचारलं, तर माझ्याबरोबर राहणाऱ्या तुळशीने आधी त्याच्या हातातून पाकीट घेतलं, मागून-पुढून तपासलं आणि मगच मला हाक मारली. आमच्या घरी पाकिटं येत नाहीत, म्हणून तिला संशय. अक्षर मी लांबूनच ओळखलं. एकोणीस वर्षांत त्यात काडीची सुधारणा नाही. सातवीत गुरुजींनी तुला शुद्धलेखनाची दहा पानं शिक्षा दिली होती आणि ती मी रात्री बसून लिहून दिली होती, हे तू विसरली असलीस तरी मी विसरलेले नाही. पाकीट मी आधी उशीखाली ठेवलं. उघडायची भीती वाटली, खोटं कशाला सांगू? या घरात आल्यापासून आठ दिवाळ्यांना मी तुला आठ कार्डं टाकली. उत्तर एकाचंही नाही, आणि आता एकदम चार पानी पत्र. विठ्ठलवाडी आणि बदलापूर यांच्यामध्ये दोनच स्टेशनं, पण तुझ्या पत्राने यायला भलताच वेळ घेतला गं.

संध्याकाळी दिवा लावल्यावर वाचलं. तू लिहिलंस की शेजारची एक मुलगी आहे, सतरा वर्षांची, बारावीतली. दिवाळीपासून कॉलेजला जात नाही, झोपत नाही, ताट पुढे आलं की भिंतीकडे तोंड करून बसते. मोरीतला नळ तिचं नाव घेतो म्हणून तिने त्याला फडकं गुंडाळलंय. घरातल्या पुरुषांनी ठरवलंय की महाशिवरात्र झाली की तिला मोठ्या इस्पितळात नेऊन ठेवायचं, आणि तोवर मागच्या खोलीला बाहेरून कडी. आणि मग तू विचारलंस, "ताई, तिथे ठेवलेलं माणूस परत येतं का?" जिजे, हा प्रश्न मला आजवर कुणीही विचारलेला नाही. डॉक्टरांनी खूप काही विचारलं, पण हे नाही. तेव्हा उत्तर जरा लांबेल. तुला लहानपणी माझ्या लांब गोष्टींचा कंटाळा यायचा आणि तू मध्येच "मग शेवटी काय झालं?" म्हणायचीस. या वेळी तसं करू नकोस, शेवटापर्यंत वाच.

आधी मी राहते ते ठिकाण सांगते. कात्रप आठवतं का तुला? आपण गावातून, नदीकडच्या अंगाने निघून, रेल्वेचे रूळ ओलांडून इकडे बोरं वेचायला यायचो. भात निघाला की इथे वालाची शेतं असायची आणि आपण शेंगा चोरायचो. धोंडीबाबा काठी घेऊन धावला तेव्हा तू ओच्यातल्या सगळ्या शेंगा टाकून पळालीस आणि मी मात्र ओचा घट्ट धरून पळाले, म्हणून मार मला बसला. त्या शेताच्या जागेवर आता तीन मजली इमारती आहेत, खाली किराण्याचं दुकान, पिठाची गिरणी, एक इंग्रजी शाळा. बोरीचं एकच झाड राहिलंय, गिरणीच्या मागे. मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा सगळं अनोळखी वाटलं, आणि मग ते झाड दिसलं. अजून दर थंडीत मी त्याची बोरं खाते. किडकी असतात, पण खाते.

आमचं घर म्हणजे एका दुमजली चाळीतल्या तळमजल्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी ओळखीच्या पाचसहा जणांना गोळा करून एक संस्था काढली. ज्या बायका औषधावर बऱ्या आहेत पण ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्यांनी बाहेर, वस्तीत, माणसांमध्ये राहावं असं त्यांच्या मनात होतं. लोक त्यांना हसले म्हणे. पण आमच्या वॉर्डातली आया, बनूबाई, तेव्हाच निवृत्त होणार होती आणि तिचं स्वतःचं बिऱ्हाड इथे कात्रपलाच होतं. ती म्हणाली, माझ्या शेजारच्या खोल्या रिकाम्या आहेत, मी बघते यांच्याकडे. त्यानंतर सत्त्याऐंशी साली दिवाळी झाल्यावर आम्ही चौघी इथे आलो. मी, तुळशी, गंगू आणि वांगणीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची विठा. चौघींची मिळून इस्पितळात पन्नासच्या वर वर्षं झाली होती. त्यातली दहा माझी.

पहिल्या सकाळची गोष्ट तुला सांगायलाच हवी. आदल्या संध्याकाळी बनूबाईने आम्हाला जेवायला घातलं, चार खाटांवर चार चादरी घातल्या, म्हणाली, "सकाळी उठा, चा करून प्या, मी दळण टाकून दहा वाजेपर्यंत येते," आणि जाताना दार ओढून घेतलं. आम्ही सवयीने पाचला उठलो. तोंडं धुतली, वेण्या घातल्या, चादरींच्या घड्या केल्या आणि आपापल्या खाटेवर बसून राहिलो. साडेसहाला दूधवाला दाराबाहेर दूध ठेवून ओरडून गेला. सात वाजले, आठ वाजले. चहाची तलफ आलेली, स्टो समोर, साखर समोर, पण दूध दाराबाहेर. जिजे, आमच्यातली एकही दारापर्यंत गेली नाही. दहा वर्षं दार म्हणजे दुसऱ्याने उघडायची गोष्ट होती. आम्ही वाट बघत होतो. दहाला बनूबाई आली, तिने नुसतं ढकललं आणि दार उघडलं. ती आम्हा चौघींकडे बघतच राहिली. "अगं बायांनो, उघडंच होतं की!" त्यावर विठा म्हणाली, "मंग सांगायचं व्हतं ना बाय. आमी कवाधरनं वाट बगतो." बनूबाई पीठ खाली ठेवून उंबऱ्यावर बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडली. आम्हाला कळेना की आमचं काय चुकलं.

त्या दिवसापासून आमच्याकडे दाराची पाळी असते. लोकांच्या घरी भांड्यांची पाळी असते, केराची असते, आमच्याकडे सकाळी दार उघडायची आहे. एकीने आठवडाभर उठल्यावर आतली कडी काढायची, दार सताड उघडायचं, दूध आत घ्यायचं आणि उंबऱ्यावर उभं राहून रस्त्याकडे बघायचं. बघायचंच, हे बनूबाईने घातलेलं कलम. पहिल्या आठवड्यात तुळशी कडी काढायची, परत लावायची, परत काढायची, तो आवाज बराच वेळ यायचा. विठा तर दार उघडायची आणि पटकन मागे सरायची, कुणी ओरडेल म्हणून. माझी पाळी आली तेव्हा मी कडी काढली आणि समोरून एक माणूस सायकलवर पाव घेऊन जात होता, त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तसाच पुढे गेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुणीतरी मला बघितलं आणि त्याला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही.

वस्तीने सुरुवातीला त्रास दिला, तो सांगितला नाही तर त्या मुलीच्या आईला मी फसवल्यासारखं होईल. "वेड्या बायांचं घर" असं म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या बाईने आमच्या दोरीवरचे कपडे काढून खाली टाकले होते. मग एक उन्हाळा असा आला की पाणी फक्त अर्धा तास यायचं आणि नळावर रोज मारामाऱ्या. तुळशी इस्पितळात येण्याआधी शाळेत शिक्षिका होती. एका सकाळी ती छडीएवढी फुंकणी घेऊन नळावर जाऊन उभी राहिली आणि तिने सगळ्यांची रांग लावली. जो मध्ये घुसेल त्याचा हंडा मागे. वरच्या मजल्यावरच्या बाईचाही हंडा मागे. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि भांडणं बंद झाली. त्यानंतर तुळशी एक दिवस तापाने पडून राहिली, तर तीच बाई दारात येऊन म्हणाली, "टीचर कुठंयत? खाली नुसता धिंगाणा चाललाय." आम्ही अजून त्यावर हसतो.

आणि आम्ही काम करतो. उल्हासनगर कॅम्प पाचमधले गोपालदास म्हणून सिंधी कारखानदार आहेत, जीनच्या पँटी शिवतात. त्यांच्याकडून पँटींचे गठ्ठे येतात आणि आम्ही शिलाईचे लोंबणारे धागे कापून देतो. हे काम पहिल्यांदा आलं तेव्हा टेम्पोवाल्याने गठ्ठ्यांबरोबर चार कात्र्या ठेवल्या. आम्ही त्या चार कात्र्यांकडे बघत बसलो. इस्पितळात आम्हाला नेलकटरसुद्धा हातात मिळत नसे, नखं आया कापायच्या. बनूबाईने एकेक कात्री उचलून एकेकीच्या हातात दिली आणि स्वतः भाजी निवडायला पाठ करून बसली. ती पाठ मी कधी विसरणार नाही. गोपालदासशेठना कुणीतरी आमच्याबद्दल जाऊन सांगितलंच. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी घाबरत गेले. ते म्हणाले, "देखो बेन, लोग तो बोलेंगे. मेरेको इतनाच मंगता है के धागा एक भी लटकना नहीं चाहिए." आज सहा वर्षं झाली, एकही धागा लटकलेला नाही.

आता जुनं थोडं बोलते, कारण तुझ्या पत्राने ते वर आणलं. मी कशी होते हे तुझ्याशिवाय आठवणारं आता कुणी उरलेलं नाही. बाबा गेले, आई गेली, घर चुलत्यांकडे गेलं. मी बालवाडीत शिकवायचे, सायकल चालवणारी गावातली पहिली मुलगी मी, हे इथे कुणाला सांगितलं तर ते मान डोलवतात आणि मनात म्हणतात, बिचारी. तुला मात्र मी सायकलच्या दांडीवर बसवून नदीपर्यंत नेलंय. मग तेविसाव्या वर्षी विहिरीवरून हाका यायला लागल्या. आधी वाटलं खरंच कुणी हाक मारतंय, मी घागर ठेवून जाऊन बघायचे. पुढे पुढे हाका सांगायला लागल्या की या घरात राहू नकोस, आणि मी रात्री उठून चालायला लागायचे. बाबा म्हणायचे बाहेरून कडी घाला. आई ऐकायची नाही. "कडीला काय कळतंय पोर उठली ते?" असं म्हणायची आणि झोपताना माझ्या वेणीच्या टोकाला आपल्या पदराचं टोक बांधायची. मी उठले की तिला ओढ लागायची, ती जागी व्हायची आणि नुसतं म्हणायची, "झोप माझे बाय." चार वर्षं तिने असं काढलं. तू पलीकडच्या अंथरुणावर असायचीस आणि झोपेचं सोंग करून बघायचीस, मला माहीत होतं.

आणि मग ती शिवरात्र. तुझं लग्न ठरलं होतं, सासरच्यांना मी दिसायला नको होते, हे तेव्हाही मला कळत होतं. आजारी होते, खुळी नव्हते. तू सकाळी माझी वेणी घातलीस, निळी वायल नेसवलीस, म्हणालीस, "ताई, अंबरनाथच्या जत्रेला जाऊ." मी किती खूष झाले होते! आईने उपासाची उकडलेली रताळी कागदात बांधून दिली आणि ती दारात आलीच नाही, तेव्हा मला समजायला हवं होतं. गाडी अंबरनाथला थांबली, लोक नटूनथटून उतरले, पिपाण्यांचे आवाज येत होते. मी उठले. तू माझा हात धरून खाली बसवलंस आणि म्हणालीस, "आधी पुढे जाऊन मावशीला घेऊ, मग जत्रा." तुझा हात गार होता. ते मोठं फाटक, झाडं, बाबा आधीच तिथे येऊन बसलेले. तू रताळ्यांचा पुडा माझ्या हातात दिलास, "पाणी आणते" म्हणालीस, आणि गेलीस. तेव्हा तू वीस वर्षांची होतीस. तुझं तरी कुणी ऐकलं असतं?

मला राग होता का? होता. पुष्कळ होता. आता नाही असं लिहिणार होते, पण घरात रताळी उकडली की अजून येतो. मात्र कशाचा येतो ते नीट सांगते, कारण तेच महत्त्वाचं आहे. तिथे नेल्याचा नाही. औषधाची मला गरज होती आणि पुढे त्याच औषधाने हाका लांब गेल्या. राग आला तो जत्रेचा. मी पहिले कित्येक महिने जी येईल त्या नर्सला सांगत होते की मला जत्रेला जायचंय, बहीण पाणी आणायला गेलीय, मावशीला घेऊन आम्ही जाणार आहोत. खरंच तर सांगत होते, तू मला तेच सांगितलं होतंस. पण माझ्या कागदावर त्यांनी लिहिलं, "रुग्ण जत्रेला जायचे आहे असे वारंवार म्हणते," आणि तोच माझा आजार ठरला. गोळ्या वाढवल्या. मी तो कागद पुढे स्वतःच्या डोळ्यांनी वाचलाय. मुळात मला हाका खऱ्या की खोट्या हे उमजत नव्हतं, त्यात तू सांगितलेलंही खोटं निघालं, तेव्हा धरून उभं राहावं असं काही उरलंच नाही गं. शेवटी एक दिवस मी म्हणाले, जत्रा वगैरे काही नाही, बहीणही नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे.

आई दर महिन्याला यायची. भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन यायची आणि तुझ्या घरच्या बातम्या सांगायची. राहीला दात आले, राही चालायला लागली, राही माझ्यासारखीच हट्टी आहे, सायकलचा हट्ट धरते. तुझ्या लेकीला मी आईच्या तोंडूनच मोठी होताना बघितलं. चौऱ्याऐंशीला आई गेली आणि तेव्हापासून राही माझ्यासाठी सहा वर्षांचीच राहिली. तुझ्या सासरी बाबांनी सांगितलं होतं ना, की मोठीला देशावर मावशीकडे ठेवलंय? म्हणून मी कार्डांवर संस्थेचं नाव कधी घातलं नाही. "आम्ही सगळ्या बऱ्या आहोत, मागे मेथी लावली आहे," इतकंच लिहायचे, म्हणजे कुणी वाचलं तरी तुला त्रास नको.

आता त्या मुलीच्या आईला हेही सांग की बरं होणं सरळ रेषेत होत नाही. एक्याण्णव साली मला वाटलं की मी ठणठणीत झाले, गोळ्या कशाला हव्यात? बनूबाईला न सांगता दोन महिने मी त्या गोळ्या दारातल्या तुळशीच्या कुंडीत पुरत होते. विठा नंतर म्हणाली की म्हणूनच तुळस जळाली. हाका परत आल्या, मी परत भटकायला लागले, आणि मला तीन आठवडे परत इस्पितळात राहावं लागलं. तिथल्या खाटेवर पडून मी म्हणत होते की संपलं, ते घर गेलं. तीन आठवड्यांनी बनूबाई मला घ्यायला आली. घरी येऊन बघते तर माझ्या खाटेवर धुतलेली चादर, आणि तुळशी-विठाचं कडाक्याचं भांडण चाललेलं. का? तर मी नसताना माझ्या पाळीचा आठवडा आला होता आणि तुळशीचं म्हणणं, अंजनीची पाळी आपण का करायची, तिची तिला आल्यावर करू दे. तो आठवडाभर त्यांनी पुढचं दार उघडलंच नव्हतं, मागच्या मोरीच्या दाराने ये-जा केली होती, दूधसुद्धा तिकडूनच घेतलं होतं! बनूबाईने कपाळाला हात लावला. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कडी काढली आणि बराच वेळ उंबऱ्यावर उभी राहिले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की येतं. माणूस परत येतं, फक्त त्याला परत यायला जागा ठेवावी लागते. गंगूला तिचा भाचा चार वर्षांपूर्वी घेऊन गेला, आता ती त्याची पोरं सांभाळते आणि मे महिन्यात आमच्यासाठी तांदळाच्या फेण्या घेऊन येते. तिची खाट रिकामी आहे. पण नीट ऐक, ती खाट त्या मुलीसाठी नाही. मला हे घर आवडतं, मी इथेच म्हातारी होणार आहे आणि त्याचं मला दुःख नाही. पण हे घर ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी आहे. त्या मुलीला आई आहे.

आणि जिजे, आता ती शेजारची मुलगी पुरे कर. पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या आधी, तू एक ओळ लिहून खोडली आहेस, पण तुझं खोडणंही तुझ्या अक्षरासारखंच अर्धवट. "तिची आई रात्री तिच्या वेणीला पदर बांधून झोपते." ती गाठ आपल्या आईची आहे. अख्ख्या विठ्ठलवाडीत ती एकाच बाईला माहीत असणार. ती ओळ दिव्यापाशी धरून वाचली आणि मी सगळ्यांसमोर रडले. राहीसाठी रडले आणि तुझ्यासाठीही, कारण तू एकटी तो पदर बांधून जागते आहेस. आता मी सांगते ते कर, मी अजून तुझी मोठी बहीण आहे. महाशिवरात्र सतरा तारखेला, शनिवारी आहे. डॉक्टरीणबाई दर शनिवारी चारला आमच्याकडे येतात, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय, त्या दिवशी राहीला घेऊन इकडे ये. त्या म्हणाल्या, लवकर आणलं तर इस्पितळात ठेवायची वेळ कदाचित येणारही नाही, आणि आलीच तर ती थोडे दिवस, आणि तू रोज भेटायचंस. नवऱ्याला हे पत्र दाखव. त्याला सांग, मेव्हणी देशावर नाही, बदलापुरात आहे आणि त्याच्याशी बोलायला तयार आहे. आधी मागच्या खोलीची बाहेरची कडी काढ. आणि राहीला खरं सांग. नळ बोलतो त्याचं औषध देणाऱ्या बाईंकडे जायचंय, तिथे तुझी मावशी राहते, तिलाही असंच व्हायचं, असं सांग. ती रडेल, नाही म्हणेल, तरी खरंच सांग. गाडी अंबरनाथला थांबेल, पिपाण्या वाजत असतील, लोक उतरतील. ती उठली तर तिचा हात धरून सांग, आधी बदलापूर, मग जत्रा, आणि या वेळी ते पाळ. डॉक्टरीणबाई गेल्या की आपण तिघी खरोखर अंबरनाथला उतरू. रताळी मी उकडून ठेवते. त्या आठवड्यात दाराची पाळी विठाची होती, मी तिच्याशी बदलून घेतली आहे. तुम्ही कितीही लवकर निघालात तरी आमचं दार उघडं असेल.

तुझीच,
अंजनीताई